झाड वाळलं नाही, बुडालं

एप्रिल-मे आला की कोणीतरी तरवडाची, म्हणजे पिवळ्या फुलांच्या देशी झुडपाची, कुंडी गाडीत घालून आमच्या रोपवाटिकेत आणतं : "उन्हानं जळलं बघा, तुम्ही तर देशी म्हणाला होता." आम्ही कुंडी उचलतो आणि वजनावरूनच कळतं. रोप उपसलं की मुळं काळी, चिमटीत धरली तर साल निसटून हातात येते, वर गटारासारखा वास. पुण्याच्या टेकड्यांवर तरवड मुरमात उभा राहून उन्हाळा काढतो. त्याला ऊन मारत नाही, रोजचं पाणी मारतं.

होतं असं. दुपारी दोनला पानं माना टाकतात, कारण मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. पण तेवढा धीर कोणाला? आधीच ओल्या मातीत आणखी एक तांब्या ओतला की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं आणखी लोंबतात, आणि आणखी एक तांब्या!

म्हणून झाड सकाळी सातला बघा. तेव्हाही मान खाली असेल तर मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तर तळातून निघेपर्यंत पाणी द्या. ओलं लागलं तर हात आवरा. कुंडीखालची बशी मात्र आजच काढा. जमिनीतल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात पाणी लागतंच, पण थोडं-थोडं रोज नको, चार-पाच दिवसांनी भरपूर. काळी माती असेल तर मुरूम मिसळून उंचवट्यावर लावा.

कोरांटी, धायटी, चित्रक यांनाही हेच लागू. (धायटी लाल फुलली की शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, येतात, आमची जाहिरात तेच करतात.) कळलावी पावसाळ्यानंतर वाळून जाते, तेव्हा पाणी बंद करा. कंद झोपलेला असतो, मेलेला नव्हे, फेकू नका. हा कंद विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर आम्ही ती आपणहून देत नाही. आणि सदाफुली देशी म्हणून मागू नका, ती मूळची मादागास्करची. हवी तर मिळेल.

आमची रोपं वीतभर असतात, फूलही नसतं, ही तक्रार ठाऊक आहे. तरवडाचं सोटमूळ पिशवीत वेटोळं होण्याआधीच रोप विकतो. मोठं, फुललेलं रोप दिसायला छान, रुजायला अवघड. मे महिन्यात ही रोपं विकत नाही. कुजलेलं रोप बदलूनही देत नाही.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की या. रिकामी कुंडी आणलीत तर भोक तपासून, मुरूम-माती कालवून भरून देतो. भरण्याचे पैसे नाहीत, मातीचे आहेत.