द्विध्रुवी विकार : तरुणांमधील मंत्रचळी भीती आणि आक्रमकता

द्विध्रुवी विकारात उन्माद (मनाची अतिउत्साही, अनावर अवस्था) आणि नैराश्य यांचे काळ आलटूनपालटून येतात. मधल्या काळात माणूस बहुधा पूर्ववत वागतो. सुरुवात बहुतेकदा 15 ते 25 या वयात होते. यातील साधारण 10 ते 20 टक्के रुग्णांना मंत्रचळही (नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्यापायी तीच कृती करत राहणे) असतो. तो अनेकदा नैराश्यात वाढतो आणि उन्मादात मागे पडतो.

हिंसेच्या विचाराने स्वतःच घाबरलेला मुलगा आणि प्रत्यक्ष हात उगारणारा मुलगा, या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकाच मुलात त्या निरनिराळ्या महिन्यांत दिसू शकतात, म्हणून घरच्यांचा घोटाळा होतो. पहिल्या अवस्थेत ‘आपल्या हातून आईला काही होईल’ हा विचार नको असताना घुसतो. मुलगा विळा-कुऱ्हाडीला हात लावत नाही, आईशेजारी झोपत नाही आणि दिवसातून वीसदा विचारतो, “माह्या हातून मायले काही होईन का?” या विचाराची त्याला किळस वाटते, तो कृतीत उतरण्याची शक्यता फार कमी. इथे घरातल्या सुऱ्या लपवल्या की भीतीला दुजोराच मिळतो. “नाही रे बाबा” हे उत्तरही तासाभरापुरते पुरते, मग प्रश्न पुन्हा सुरू.

उन्मादातल्या आक्रमकतेत ही किळस नसते. आधी झोप कमी होते, तरीही थकवा येत नाही. मग बोलण्याचा सपाटा, उधारीवर मोबाइल, रात्रीबेरात्री मोटारसायकल, आणि कुणी अडवले की मारहाण. गांजा-दारूने भर पडते. या काळात मात्र कुऱ्हाड, विळे आणि फवारणीची औषधे कुलपात हवीत (कीटकनाशके नैराश्यातही कुलपातच, आत्महत्येच्या धोक्यामुळे). वाद घालू नये, दार अडवून उभे राहू नये, एकाच माणसाने थोडक्या शब्दांत बोलावे. मंत्रचळी कृती कुणी मध्येच रोखल्याने झालेली आदळआपट हा तिसरा प्रकार; ती बहुधा तेवढ्यापुरतीच असते.

‘बाहेरचं लागलं’ म्हणून आधी भगताकडे नेण्यात आठवडे जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे उपचार होतात.

उपचारांचा क्रम चुकला की बिघडते. मंत्रचळावर चालणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही औषधे एकटीच दिली तर उन्माद उसळू शकतो. मंत्रचळ बरा करायला गेलेला मुलगा काही आठवड्यांतच झोपेनासा होतो तो यामुळे. म्हणून आधी लिथियम किंवा अन्य मनःस्थिती-स्थिरक (मनाचे चढउतार आवरणारे औषध). तरुण मुलींना व्हॅल्प्रोएट हे स्थिरक शक्यतो टाळतात, कारण गर्भात व्यंग येण्याचा धोका मोठा. मन स्थिर झाल्यावर वर्तनोपचार: आई शेजारी बसलेली असताना मुलाने विळीवर कांदे चिरायचे, भीती ओसरेपर्यंत उठायचे नाही, आणि तो प्रश्न विचारायचा नाही. उन्मादात हा सराव करू नये.

लिथियमची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासतात, साधारण 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर योग्य, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, शेतात घाम गळतो, अंगातले पाणी-मीठ घटून रक्तातले लिथियम वाढते आणि तीच मात्रा जास्त ठरते. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकाएकी कमी करू नये. अंगदुखीसाठी गावातल्या दवाखान्यात सर्रास मिळणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शनही पातळी चढवते, पॅरासिटामॉल चालते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या-जुलाब यांपैकी काहीही दिसले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठून रक्त तपासावे.