डिशची वायर, जाळी आणि गाऊस

परवा डिशवाला दादा आला, काळी वायर सोलली आणि मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचे केस (बारीक तारा) मागे वळवता वळवता म्हणाला, "ही जाळी आहे ना, म्हणून आतलं बाहेर पडत नाही." मी मान डोलावली, पण हे अर्धंच खरं आहे हो!

आधी आतलं बघू. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स याच वायरीतून वर एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल पकडणारा डबा) १३ नाहीतर १८ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, पाठवतो. १८ व्होल्टला मधल्या तांब्याच्या तारेवर दर मीटरला साधारण १ नॅनोकूलोम (कूलोम हे चार्जचं माप, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) प्लस चार्ज बसतो. आता तारेभोवती मनातल्या मनात एक पाइप धरा, दोन्ही टोकं बंद. गाऊस या गणितज्ञाचा नियम सांगतो की या पाइपातून बाहेर पडणारं एकूण फील्ड (चार्जभोवतीचा विजेचा प्रभाव) फक्त आत किती चार्ज कोंडलाय यावर ठरतं. टोकांच्या झाकणांतून काही जात नाही, कारण फील्ड झाकणाला समांतर धावतं, जे काय जायचं ते गोल भिंतीतून. पाइप दुप्पट रुंद केला की भिंत दुप्पट, चार्ज तेवढाच, म्हणजे फील्ड निम्मं. तारेच्या पृष्ठभागावर, म्हणजे मध्यापासून साधारण अर्ध्या मिमीवर, मीटरला २४,००० व्होल्ट, तर मध्यापासून १ मिमीवर १२,०००.

आता खरी गंमत. हाच पाइप जाळीच्या धातूच्या जाडीतून न्या (जाळी म्हणजे अखंड नळीच समजू). डीसीमध्ये तारेपासून बाहेरच्या दिशेने धातूच्या आत फील्ड शून्य, म्हणजे पाइपातला एकूण चार्जही शून्यच हवा, म्हणजे जाळीच्या आतल्या अंगाला बरोब्बर १ नॅनोकूलोम मायनस आलाच पाहिजे. पण जाळी कशालाच न जोडता लोंबकळत ठेवली तर ती एकूण न्यूट्रल, मग तेवढाच प्लस तिच्या बाहेरच्या अंगावर सरकतो आणि बाहेर फील्ड जसंच्या तसं! जाळीने काही अडवलं नाही. कनेक्टर जाळीला बॉक्सच्या बॉडीशी, म्हणजे सप्लायच्या दुसऱ्या टोकाशी जोडतो, तेव्हा तो प्लस निघून जातो आणि बाहेर बेरीज शून्य.

(सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर नाचत असतो, तिथे स्किन डेप्थ (सिग्नल धातूत किती खोल शिरतो ते) वगैरे भानगडी येतात, पण तारेवर प्लस तर समोर जाळीवर तेवढाच मायनस ही जोडी तिथेही सुटत नाही. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने मध्ये तार, भोवती धातूचं कवच या रचनेचं पेटंट १८८० मध्येच घेतलं होतं.)

यावरून आठवलं, मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे ते 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर. रुपयाएवढा तुकडा कशालाच वेढत नाही, आणि खरंच सगळं रोखलं तर फोनच लागणार नाही.

दादाने मात्र जाळीचा एक केस मधल्या तारेला चिकटवून ठेवला होता. शॉर्ट, एलएनबीला सप्लायच नाही, टीव्हीवर 'नो सिग्नल'.