स्वयंसेवी शिक्षक म्हणून परदेशात जायचंय? नागपूरहून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत वर्षभर शिकवायला जायचं, तर निवड होणं हा त्यातला सोपा भाग. माणूस अडकतो तो कागदांत. कागद नसतात असं नाही, ते चुकीच्या क्रमाने काढलेले असतात. पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा पासपोर्ट सेवेतून मिळणारा दाखला, उत्साहाने आधी काढली, पदवीचं प्रमाणीकरण लांबलं, तोवर पीसीसी जुनी झाली, ही नेहमीची गत. म्हणून आधी देश आणि संस्था नक्की करा. पासपोर्ट सोडला तर बाकी जवळजवळ प्रत्येक कागदाचं स्वरूप देशावर ठरतं.

कोण अर्ज करू शकतं

वर्गात शिकवायचं असेल तर पदवी, बी.एड. किंवा डी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव, एवढं बहुतेक ठिकाणी मागतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, म्हणजे यूएनव्हीत, आंतरराष्ट्रीय जागांसाठी 18 ते 26 वयाचा युवा गट वेगळा आहे आणि 27 वर्षांपासून पुढे स्पेशालिस्ट गट, त्याला किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. यूएनव्हीच्या नावाने कोणी नोंदणी शुल्क मागितलं तर तो भामटा समजा. मात्र तिथे फळ्यासमोर उभं राहून शिकवण्याच्या जागा कमी आणि शिक्षण कार्यक्रम राबवण्याच्या जास्त असतात, हे धरून चला. घरबसल्या काम करणाऱ्या ऑनलाइन स्वयंसेवकांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 20 तासांची मर्यादा आहे. नोकरी सोडण्याआधी अंदाज घ्यायला हा मार्ग चांगला.

खाजगी संस्था उलट तुमच्याकडूनच पैसे घेतात. ते गैर नाही, पण राहणं-जेवण, विमा, परवाना यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. ‘अनाथाश्रमात दोन आठवडे शिकवा’ अशा जाहिरातींपासून मात्र लांबच राहा. नेपाळसारख्या ठिकाणी आईवडील हयात असलेली मुलं अशा आश्रमांत आणून ठेवल्याची प्रकरणं उघड झाली आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली. चांगली संस्था नोंदणीकृत शाळेचं नाव देते आणि तुम्ही निघून गेल्यावर तो वर्ग कोण घेणार, तेही सांगते.

नावाची भानगड

बाकी काही करण्याआधी दहावीची मार्कशीट, पदवी, बी.एड. आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांची अडचण याहून मोठी: मार्कशीट माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र यावर बहुतेक ठिकाणी भागतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या आणि त्याचा वेळ वेगळा धरा.

नागपूरचा आणखी एक बारकावा आहे. 2005 साली विद्यापीठाच्या नावाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज जोडलं गेलं. पदवी त्याआधीची आणि बी.एड. नंतरचं असेल तर एकाच विद्यापीठाची दोन नावं दिसतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्रित दाखला) काढताना दोन्ही नावं एकाच संस्थेची आहेत असं पत्रही मागून घ्या, म्हणजे पुढचे खुलासे वाचतात.

पदवीचं प्रमाणीकरण

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. भारतात 2005 पासून ॲपॉस्टिल पद्धत लागू आहे, म्हणजे कागद खरा असल्याचा, हेग करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. जाणार तो देशही हेग करारात असेल (मलावी, लेसोथो, नामिबिया आहेत, रवांडा 2024 पासून आला) तर ॲपॉस्टिलवर काम संपतं. नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाचाही शिक्का लागतो.

क्रम असा: आधी विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्य शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत घेतं. मुंबईतही ही सोय आहे. ॲपॉस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये, वर सेवा संस्थेचा थोडा आकार. एजंट हजारांत बोलतात ते धावपळीचे पैसे असतात. राज्याचा टप्पा टाळून दिल्लीच्या एसडीएमकडून (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून) झटपट करून देतो म्हणणारे भेटतील. तो मार्ग बेकायदा नाही, पण काही देश तो मानत नाहीत. पैसे देण्याआधी संस्थेला ईमेलवर विचारा.

पदवी लॅमिनेट केलेली असेल तर तिथेच थांबा. शिक्का आणि स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूला लागतात, प्लास्टिकवर नाही. इस्त्री फिरवून लॅमिनेशन सोलायच्या भानगडीत पडू नका, शाई प्लास्टिकसोबत निघून येते. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा. ॲपॉस्टिलच्या स्टिकरवर क्रमांक असतो. कागद हातात आला की तो ऑनलाइन तपासून घ्या.

मुख्याध्यापकांचं अनुभवपत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह हवं. इयत्ता, विषय आणि तारखा त्यात स्पष्ट असाव्यात. ‘समाधानकारक सेवा केली’ एवढ्या एका ओळीचं पत्र कामाचं नाही. शिक्षण मराठी माध्यमातून झालं असेल तर इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागतील. इंग्रजीतून झालं असेल तर माध्यमाचं पत्र कॉलेज देतं.

नोकरीत असाल तर

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा इथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्टसाठीची एनओसी (ना हरकत पत्र) ही परदेशी जाण्याची परवानगी नव्हे. पासपोर्टला परिशिष्ट ‘जी’ची एनओसी किंवा परिशिष्ट ‘एच’चं पूर्वसूचनापत्र चालतं. प्रत्यक्ष जाण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि मंजूर रजा वेगळी लागते. जिल्हा परिषदेत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 बघितले जातात, खाजगी अनुदानित शाळेत 1981 चीच सेवाशर्ती नियमावली. अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच पाठवा आणि प्रत्येक टेबलावरची पोच जपा. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ यावर विमानात बसलात तर परतल्यावर अनधिकृत गैरहजेरी आणि सेवाखंडाचं प्रकरण उभं राहू शकतं.

पासपोर्ट आणि पीसीसी

36 पानी पासपोर्टला 1500 रुपये, 60 पानीला 2000, तत्काळचे 2000 वर. मुक्काम संपल्यावरही किमान 6 महिने मुदत उरली पाहिजे, म्हणजे वर्षभरासाठी जाणाऱ्याच्या पासपोर्टवर आज दीड वर्षापेक्षा जास्त हवी.

पीसीसी पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावरून 500 रुपयांत निघते. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, जो खाजगी नोकरीला देतो, तो वेगळा. परदेशी शाळेला तो देऊ नका. अर्जात देश निवडावा लागतो, म्हणून देश ठरल्याशिवाय काढूच नका. पासपोर्टवर पत्ता काटोल किंवा उमरेडचा आणि राहता मनीषनगरला, असं असेल तर पडताळणी ग्रामीण पोलीस आणि शहर आयुक्तालय यांच्यात फिरत राहते. सध्याच्या पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. अनेक देश 6 महिन्यांपेक्षा जुनी पीसीसी घेत नाहीत, त्यामुळे पदव्या शेवटच्या शिक्क्यापर्यंत पोचल्या की मगच अर्ज करा.

व्हिसा आणि लस

बिनपगारी काम असलं तरी ते कामच. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन मिळणारी प्रवास परवानगी) सुरू केलं, पण ते भेटीसाठी आहे, शाळेत शिकवण्यासाठी नाही. ‘टुरिस्टवर या, इथे बघू’ म्हणणाऱ्या संस्थेला नकार द्या. पकडलं गेल्यावर परत पाठवतात तुम्हाला, संस्थेला नाही. यजमान शाळेने तुमच्या कामाच्या परवान्याचा अर्ज केल्याची प्रत हातात आल्यावरच तिकीट काढा.

केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांसाठी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. उघडलेली कुपी 6 तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठराविक वारी, नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. प्रमाणपत्र लसीनंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. लसीचं हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, परत येतानाही पासपोर्टसोबत ठेवा: या देशांतून निघून 6 दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं.