गूढविद्येची जुनी मासिकं : घेताना काय बघायचं, घरी कशी ठेवायची

नवीन ग्राहक आमच्याकडे आले की बहुतेक वेळा एकच गोष्ट मागतात, चामडी पाठीचा, सोनेरी अक्षरांचा जाड खंड, वर्षाचे अंक एकत्र बांधलेले. तो आम्ही देतोच. पण घेण्याआधी एक सांगतो, म्हणजे नंतर हळहळ नको. पूर्वी वर्ष संपलं की लोक अंक बाइंडरकडे टाकायचे आणि बाइंडर बहुतेकदा प्रत्येक अंकाचं पातळ कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा, मग उरायचे नुसते लेख. लेख तर आज घरबसल्या वाचता येतात, आयएपीएसओपी या संस्थेने अशा नियतकालिकांचे हजारो अंक स्कॅन करून फुकट खुले केलेत. पण स्कॅन बऱ्याचदा बांधलेल्या खंडांवरूनच झालेले असतात, त्यामुळे कव्हर तिथेही सापडेलच असं नाही. आणि आमच्या मते खरा माल कव्हरवरच असतो, कुठल्या वारी कुठे बैठक आहे, स्फटिकाचा गोळा कुणाकडे मिळेल, कुठलं पुस्तक नुकतंच आलंय. त्या काळची माणसं हे सगळं कसं जगत होती ते लेखापेक्षा तिथे जास्त कळतं.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे, कळकट दिसला तरी कव्हरसकटचा सुटा अंक आधी घ्या. आणि घेतलेला सुटा अंक कृपा करून बांधायला देऊ नका. आम्हीच सुरुवातीला सहा अंक बांधायला दिले होते, बाइंडरने कडा सारख्या करायला तीन बाजूंनी कटिंग मारलं आणि कुणा जुन्या वाचकाने समासात पेन्सिलीने लिहिलेली टिपणं अर्धी कापली गेली, प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द गायब. ते अजून जवळ ठेवलेत, बघवत नाही.

आता अंक पूर्ण आहे का ते कसं ओळखायचं. ‘द थिऑसॉफिस्ट’ घ्या, थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्कींनी ऑक्टोबर 1879 मध्ये मुंबईत सुरू केलेलं. याचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ‘1880 चा पूर्ण सेट’ म्हणून कुणी देत असेल तर कुठले महिने ते आधी विचारा. शिवाय सोसायटीच्या बातम्यांची वेगळी पुरवणी असायची, तिचे पानक्रमांकही वेगळे, म्हणून बांधताना ती बऱ्याचदा गळते. 1882 च्या शेवटी मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हललं, त्यामुळे मुंबईचे अंक मोजकेच, त्यांना मागणी जास्त.

‘लुसिफर’ हे लंडनचं, सप्टेंबर 1887 चं. नावाने दचकू नका, शब्दाचा मूळ अर्थ प्रकाश आणणारा, म्हणजे पहाटेची शुक्राची चांदणी, आणि ब्लाव्हाट्स्कींनी पहिल्याच अंकात त्याचा खुलासा केलाय. 1897 पासून हेच मासिक ‘थिऑसॉफिकल रिव्ह्यू’ झालं, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाका.

आणि इंग्रज गूढविद्यावाला अलिस्टर क्रॉली याच्या ‘इक्विनॉक्स’बद्दल तर वारंवार विचारणा होते की दुसरा खंड कधी येणार. तो येणार नाही, कारण तो निघालाच नाही! 1909 ते 1913 पहिल्या खंडाचे दहा अंक, वसंत आणि शरद संपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, एकेक, मग पाच वर्षं ठरवून मौन, तेच मौन म्हणजे दुसरा खंड, आणि 1919 ला एकदम तिसऱ्याचा पहिला अंक. यातला मार्च 1910 चा तिसरा अंक छापला जाऊ नये म्हणून मॅथर्स कोर्टात गेले होते, कारण ते ज्याचे एक संस्थापक होते त्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाचे गुप्त विधी त्यात येणार होते. मनाई मिळाली पण अपिलात उठली, आणि अंक निघाला.

‘इक्विनॉक्स’ची नंतर हुबेहूब पुनर्मुद्रणं झालीत, तेव्हा सावध. पानाच्या मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवा, शिशाचे खिळे (टाइप) जुळवून छापलेलं असेल तर अक्षरं बऱ्याचदा किंचित उठलेली लागतात, ऑफसेटला पान सपाट. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण 1950 नंतरचा समजा.

ठेवण्याबद्दल. लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लाने आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो, दुमडलं की कोपरा हातात. म्हणून अ‍ॅसिडफ्री फोल्डर, त्यावर अ‍ॅसिडफ्री बॉक्स, आणि अंक आडवे ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको, तिचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि मग काही करता येत नाही. तापमान 20 अंशांच्या आसपास, आर्द्रता 35 ते 50 टक्के, आणि मुख्य म्हणजे रोज वरखाली होऊ देऊ नका. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, पिनेभोवतीचा कागद आधीच जळल्यासारखा झालेला असतो, ओढलं की तुकडा पडतो. आमच्याकडे आणलंत तर आम्ही पिनेचे पाय मागून सरळ करून ती काढतो आणि त्याच भोकांतून दोऱ्याने शिवून देतो.

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक अंकाबरोबर पानं मोजल्याची चिठ्ठी असते, कव्हर, जाहिराती, पुरवणी काय आहे आणि काय नाही ते हाताने लिहिलेलं. पार्सल उघडलं की चिठ्ठीप्रमाणे एकदा जुळवून बघा आणि ती अंकाच्या आत न ठेवता फोल्डरच्या बाहेर ठेवा.