गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी : (शेंदरी बोंडअळी). कपाशीच्या बोंडात शिरून सरकी खाणारी अळी व तिचा छोटा पतंग. गण लेपिडोप्टेरा, कुल गेलेचिडी. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. पतंग करडा-तपकिरी असून पंख पसरल्यावर सुमारे १५ ते २० मिमी. भरतो. पुढील पंखांवर काळसर ठिपके असतात. मागील पंख रुपेरी असून त्यांना केसांची लांब झालर असते. शृंगिकेच्या (डोक्यावरील स्पर्शिकेच्या) बुडाशी फणीच्या दात्यांसारखे राठ केस असतात. ‘फणीधारी’ अशा अर्थाचे प्रजातीनाम कीटकशास्त्रज्ञ बुस्क यांनी १९१७ मध्ये दिले ते त्यांवरूनच.

मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. कीटकशास्त्रज्ञ साँडर्स यांनी १८४३ च्या सुमारास या जातीचे पहिले वर्णन केले. त्यांच्याकडचे नमुने भडोचच्या कपाशीवरील होते, म्हणून भारत हेच मूलस्थान असे बराच काळ मानले गेले. ऑस्ट्रेलियन कीटकशास्त्रज्ञ कॉमन यांनी १९५८ मध्ये याच प्रजातीच्या ऑस्ट्रेलियातील जातींकडे लक्ष वेधले व मूलस्थान पूर्व हिंदी महासागराच्या परिसरात, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियापासून वायव्य ऑस्ट्रेलियापर्यंत असावे, असे सुचविले. सर्वांत जुनी नोंद भडोचची असली, तरी तेवढ्यावरून उगम ठरत नाही. जवळच्या जाती जिथे नांदतात त्या बाजूचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. पुढचा प्रसार मात्र माणसाच्या हातून झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सरकीबरोबर ती ईजिप्तला व तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोला गेली.

पतंग निशाचर आहे. अळी फुलाच्या पाकळ्या रेशमाने आतून शिवून टाकते. न उमललेल्या या फुलाला डोमकळी म्हणतात. ती उकलली की आत अळी सापडते. बोंडाचे तसे नाही. शिरताना पडलेले छिद्र बुजून जाते, बोंड बाहेरून निरोगी दिसते, आणि वेचणीला हाती कवडी (किडका, डागाळलेला कापूस) येते.

नागपुरात १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था या किडीचा अभ्यास करते. २००६ पासून लागवडीत आलेल्या दोन जनुकांच्या बीटी (बोंडअळ्यांना मारक अशी जीवाणूची जनुके घातलेल्या) कपाशीलाही अळी पुढे दाद देईनाशी झाली, आणि २०१७ मध्ये विदर्भातील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, की उपाययोजना करावी असे सांगितले जाते. फरदड (वेचणीनंतर तेच पीक शेतात राखून घेतलेले वाढीव उत्पादन) न घेणे हा त्याहून मोलाचा उपाय होय. नागपूर जिल्ह्यात काटोल-सावनेरकडे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) सरपणासाठी रचून ठेवतात. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते.