सहा फुटांवरून पोचणारं हसू

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरचा लॉकडाऊनपण नेमका त्याच दिवशी सुरू झाला, म्हणजे आदल्या रात्री आठला घोषणा आणि सकाळी गुढी. साखरेच्या गाठी नाहीत, फुलं नाहीत, कुणाच्या दारात जायची सोय नाही, आणि तरी दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मास्क बांधलेल्या गुढीचे फोटो फिरायला लागले होते. एरवी त्या ग्रुपवर पाणी कधी येणार आणि कुणाची गाडी आडवी लागलीय यापलीकडे काही नसायचं. मग पुढचे दोन महिने घरी कापलेले केस, भांडी घासणारे नवरे, डालगोना कॉफी, टीव्हीवर परत लागलेलं रामायण, सगळ्यावर जोक. काही जणांना हे अजिबात आवडायचं नाही, लोक मरताहेत आणि तुम्हाला हसू कसं सुचतं असं ते चिडून लिहायचे. त्यांचा राग मी समजू शकतो, पण हसण्यावरचं संशोधन वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की त्या दिवसांत शरीराला जे मिळेनासं झालं होतं ते आपण हसून मिळवत होतो.

काय मिळेनासं झालं होतं? माणसं, आणि माणसांचा स्पर्श. अमेरिकेत एमआयटीमध्ये लिव्हिया टोमोव्हा आणि रेबेका सॅक्स या मेंदूशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, कोरोनाच्या आधी केलेला पण नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला म्हणून सगळ्यांचं लक्ष गेलं. ४० जणांना एका दिवशी १० तास एकटं ठेवलं, फोन नाही, सोशल मीडिया नाही, आणि दुसऱ्या एका दिवशी १० तास उपाशी. नंतर मेंदूचं स्कॅनिंग करताना फोटो दाखवले. उपाशी माणसाला जेवणाचे फोटो दाखवल्यावर मेंदूच्या मध्यभागातला, डोपामिनशी संबंधित जो भाग पेटतो, तोच भाग (डोपामिन म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन) एकट्या ठेवलेल्या माणसाने घोळक्यात हसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांचे फोटो बघितल्यावर पेटला. म्हणजे माणसांची भूक लागते असं आपण उगाच म्हणत नाही, आणि ती फक्त १० तासांत लागते, आपल्याकडे तर पहिलीच घोषणा २१ दिवसांची होती.

आता ही भूक हसण्याने कशी भागते? इथे माणसांच्या आणि माकडांच्या समूहांचा अभ्यास करणारे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं म्हणणं फार विचार करण्यासारखं आहे. माकडं एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरत, किडे वेचत बसतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, काही जाती तर दिवसाचा पाचवा हिस्सा त्यातच घालवतात. स्वच्छतेसाठी एवढा वेळ लागत नाही. हळुवार स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, ते शरीराचं स्वतःचं वेदनाशामक आहे, त्याने बरं वाटतं आणि ज्याच्यासोबत बरं वाटतं त्याच्याबद्दल विश्वास तयार होतो. कळप टिकतो तो असा. पण हे काम एका वेळी एकाशीच करता येतं, आणि माणसाचे समूह मोठे झाले तसं एवढ्या जणांना हात लावत बसायला वेळ कुठून आणणार. डनबार म्हणतात की हसणं तिथे कामाला आलं, एकाच वेळी तीन-चार जण हसू शकतात आणि हात लावावा लागत नाही.

हसण्यात शरीराची मेहनतपण बरीच होते. चिंपांझी हसतो तेव्हा श्वास आत-बाहेर, आत-बाहेर, धाप लागल्यासारखा. माणूस एकाच उच्छ्वासाचे तुकडे करत हसतो, हा हा हा हा, मध्ये श्वास घेतच नाही, छाती आणि पोटाचे स्नायू लागोपाठ आवळले जातात म्हणून तर खूप हसल्यावर पोट दुखतं. या मेहनतीनेच एंडॉर्फिन सुटत असावं असा डनबार यांचा अंदाज आहे. त्यांनी लोकांना कॉमेडी दाखवली, काहींना साधे माहितीपट, आणि आधी-नंतर वेदना किती वेळ सहन होते ते मोजलं, दंडाला बर्फासारखी गार पट्टी बांधून वगैरे. खदखदून हसलेल्यांची सहनशक्ती वाढलेली, माहितीपटवाल्यांची नाही. २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या शास्त्रज्ञांनी तर मित्रांसोबत हसून झाल्यावर मेंदूचं पेट स्कॅन, म्हणजे आतली रसायनं दाखवणारं स्कॅन, काढलं आणि शरीराचीच ही अफूसारखी रसायनं खरोखर सुटलेली दिसली.

२२ मार्चच्या संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवल्या त्यावर नंतर खूप वाद झाले, त्यात मी शिरत नाही. पण आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले, ज्यांची नावंही माहीत नव्हती असे लोक त्या दिवसापासून गॅलरीतून हात करायला लागले हे खरंय. एका लयीत, एकत्र काही केलं की एंडॉर्फिन जास्त सुटतं असं दिसतं. ऑक्सफर्डच्या बोट वल्हवणाऱ्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, मेहनत तेवढीच पण एकट्याने वल्हवल्यावर वेदना सहन करायची ताकद जेवढी वाढली त्यापेक्षा टीमसोबत वल्हवल्यावर बरीच जास्त वाढली. इटलीत मार्चमध्ये लोक बाल्कन्यांतून गात होते तेही याच जातीचं.

आणि जोक चांगला असावा लागतो असंही काही नाही बरं का. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, फुटपाथवर, कॉलेजात माणसं कधी हसतात याच्या १२०० नोंदी गोळा केल्या, त्यात जोक म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेलं हसू २० टक्क्यांच्याही आतच. बाकी सगळं "चल मग भेटू", "अरे तू इकडे कुठे" असल्या वाक्यांनंतर. एकट्यापेक्षा लोकांमध्ये असताना माणूस ३० पट जास्त हसतो हेही त्यांचंच निरीक्षण. आपल्या मुंबईत हे दुसऱ्या वाटेने सापडलं होतं. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आधी रोज जोक सांगायचे, दोनेक आठवड्यांत चांगले जोक संपले आणि घाणेरडे, टोचणारे सुरू झाले, लोक वैतागले. मग त्यांनी जोकच काढून टाकले, नुसतं मुद्दाम हसायचं, आणि घोळक्यात मुद्दाम सुरू केलेलं हसू थोड्या वेळात खरं होतं हे दिसलं. एप्रिलच्या मध्यात आमच्या ग्रुपवरचेही जोक संपले होते, तेच ते फॉरवर्ड फिरत होते, तरी तिसऱ्यांदा आलेल्या जोकवर लोक हसायचे, आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मात्र सगळं हसू सगळ्यांना जोडत नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या विनोदावर संशोधन करणाऱ्यांची मांडणी अशी आहे की एखादी गोष्ट बिघडलेली आहे आणि तरी आपल्याला तिचा धोका नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या तर हसू येतं. २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं तेव्हा त्यांनी वादळावरचे जोक लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले. वादळ येण्याआधी हसू आलं, नुकसान समोर आल्यावर बंद झालं, पुन्हा वाढत वाढत ३६ व्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि मग ओसरलं. अंतर हवं, पण फार नको. डालगोना कॉफीवर हसणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर होतं, फ्रीजमध्ये दूध होतं. ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याहून चालत निघालेले, त्या रस्त्यावरच्या माणसासाठी लॉकडाऊनमध्ये बिनधोक असं काहीच नव्हतं आणि घरबसल्या त्यांच्या चालण्यावर केलेले जोक मला तेव्हाही सहन झाले नाहीत. आमच्याच ग्रुपवर त्या दिवशी कुणीतरी असलं काही टाकलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सरळ लिहिलं की हे काढा, आणि त्याने काढलं. मला वाटतं ग्रुप खरा तिथे जुळला, कशावर हसायचं नाही हेही एकत्र ठरलं की.

व्हिडिओ कॉलवर मात्र ही सगळी यंत्रणा अडखळायची. जगातल्या १० भाषांतली बोलणी तपासली तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो असं दिसलं, आणि नेट जरा मंद असलं की उशीर सहज त्याच्यावर जातो. त्यात सगळे म्युटवर. तुम्ही काहीतरी गमतीचं बोलता आणि पंधरा तोंडं आवाज न करता हलतात, तुम्हाला वाटतं पडला जोक. हसणं संसर्गासारखं पसरतं ते मुख्यतः कानातून, दुसऱ्याचं हसू ऐकलं की चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मेंदूचा भाग आधीच तयारीला लागतो. म्युट केलं की ती वाटच बंद. म्हणून मला ऑफिसच्या झूम मीटिंगपेक्षा मावशीचा साधा फोन जास्त समाधान देऊन जायचा, दोघी-तिघी कॉन्फरन्सवर एकमेकींच्या बोलण्यात घुसून हसायच्या, कोण काय बोलतंय कळायचं नाही. २०१६ मध्ये ग्रेगरी ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी २४ वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना दोन माणसांच्या एकत्र हसण्याचे फक्त एक-एक सेकंदाचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, हे मित्र आहेत की अनोळखी. भाषा वेगळी, देश वेगळा, तरी १०० पैकी साधारण ६१ वेळा उत्तर बरोबर आलं.