प्रत्येक जुने मॉथ टायगर नसते

जुन्या ब्रिटिश दुपंखी विमानाचा फोटो फिरतो, खाली ओळ: 'हे टायगर मॉथ.' बरेचदा ते डी हॅविलँड कंपनीच्या 1925 च्या डीएच-60 मॉथ मालिकेतले, हौशी वैमानिकांचे विमान असते. गफलत साहजिक आहे. टायगर त्यातूनच 1931 मध्ये सैनिकी प्रशिक्षणासाठी घडले.

आधी वरचा पंख पाहा. मॉथमध्ये तो सरळ, मधली इंधनटाकी पुढच्या आसनाच्या डोक्यावर. पॅराशूटसह तिथून निसटणे कठीण, म्हणून टायगरमध्ये मधला भाग पुढे सरकवला आणि बिघडलेला तोल सावरायला पंख मागे झुकवले. इंजिनाचे सिलिंडर वर उभे असतील तर ते टायगर नाहीच. उलटे टांगलेले असले तरी घाई नको: शेवटच्या काही डीएच-60 मध्येही ते तसेच होते. पंख मागे दुमडलेले दिसले, तर मात्र मॉथच. टायगरचे दुमडत नाहीत.